हॅन्लीचं बेथेस्डा चॅपल: तोंड एका काळातलं आणि अंग दुसऱ्या काळातलं?

ओळंबा_नौपाडा

नमस्कार मंडळी. विषय ठाण्याचा नाही, पण विचारणारा नौपाड्यातला आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

माझी भाची इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटला नर्स आहे. मी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. उमेदीची सगळी वर्षं अमोनिया प्रिंटच्या वासात गेली, त्यामुळे इमारत बघितली की मला आधी रेघा दिसतात. हे पोरीला ठाऊक आहे. ड्युटीवरून परतताना जुनं काही दिसलं की फोटो काढते आणि खाली लिहिते, "मामा, घे गृहपाठ."

यावेळचा गृहपाठ जड आहे. स्टोक म्हणजे सहा गावं १९१० मध्ये एकत्र करून झालेलं शहर, मुलूख चिनी मातीच्या भांड्यांचा. त्यातल्या हॅन्लीत मोठं म्युझियम आहे, आणि तिथेच बेथेस्डा नावाचं मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) चॅपल उभं आहे. आता तिथे प्रार्थना होत नाही. समोरून बघाल तर पांढरा गिलावा, ओळीनं खांब, वर मधोमध तीन भागांची मोठी खिडकी (मधला भाग कमानीचा, बाजूचे दोन सपाट). थाट एखाद्या टाउन हॉलचा. बाजूनं बघाल तर साधी उघडी वीट आणि खिडक्यांच्या दोन रांगा. कोपऱ्याला गिलावा संपतो आणि तिथूनच वीट सुरू होते, मधे काही नाही. आमच्या सोसायटीनं मागे पैसे वाचवायला फक्त रस्त्याकडची बाजू रंगवली होती, तसाच प्रकार वाटला.

पण विटेचं काम जवळून बघितलं तर ते स्वस्तातलं वाटत नाही. थर सरळ, सांधे बारीक, एक वीट लांब, एक आखूड, पुन्हा लांब. एवढं नीट काम करणारा माणूस पुढच्या बाजूला गिलावा कशाला मारेल? मी फोटोवर पट्टी ठेवून रेघा ओढल्या. पुढच्या भागाच्या आडव्या पट्ट्यांचं आणि बाजूच्या खिडक्यांचं काही नातं जुळत नाही.

तर माझे प्रश्न:
ही एक इमारत आहे की दोन?
भाची म्हणते आत दोन हजार माणसं बसायची. कुंभारकाम करणाऱ्या गावाला एवढं मोठं चॅपल कशाला लागलं, आणि पैसे कुणी घातले?
चर्च न म्हणता चॅपल का म्हणतात?
आणि एवढं बांधून मग बंद का पडलं?

मे महिन्यात तिच्याकडे जायचा बेत आहे. त्याआधी थोडं समजून घ्यावं म्हणतो.

वीटकाम_नेरुळ

काका, तुमची पट्टी बरोबर बोलते आहे. अंग १८१९ चं, तोंड १८५९ चं. मधे चाळीस वर्षं गेली आहेत. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, आणि फोटोवर रेघा ओढणारा माणूस भेटला की मला आनंद होतो.

त्या जागेवर पहिलं चॅपल १७९८ मध्ये झालं, मग ते वाढवलं, तरी पुरेना म्हणून १८१९ मध्ये नवंच बांधलं. आराखडा जे. एच. पर्किन्सचा. १८५९ मध्ये रॉबर्ट स्क्रिव्हनर या वास्तुकारानं नवा दर्शनी भाग लावला. खांब, तीन भागांची खिडकी, वरचा पेडिमेंट (त्रिकोणी कपाळपट्टी) हे सगळं त्याचं.

आता तुमची लांब-आखूड वीट. ती फ्लेमिश बाँडची बांधणी आहे: एकाच थरात स्ट्रेचर (लांब बाजू बाहेर), हेडर (आखूड बाजू बाहेर), पुन्हा स्ट्रेचर, हेडर. आपल्याकडे जाड भिंतीला गवंडी बहुतेक इंग्लिश बाँड लावतात, म्हणजे एक थर सगळा स्ट्रेचरचा आणि त्यावरचा सगळा हेडरचा. फ्लेमिशला वेळ लागतो, दर थराला हेडर खालच्या स्ट्रेचरच्या मधोमध बसवावा लागतो, आणि ती मुळातच लोकांनी बघावी म्हणून केलेली असते. म्हणजे बाजूच्या भिंतीला गिलावा करायचा राहून गेला असं नाही. १८१९ मध्ये तीच त्या इमारतीची शोभा होती. शिवाय तेव्हा इंग्लंडात विटेवर कर होता, १७८४ पासून १८५० पर्यंत. हजार विटांमागे आकारायचे. दोन हजार माणसांची इमारत विटेत बांधणं म्हणजे सरकारी तिजोरीतही चांगलीच भर.

खिडक्यांच्या दोन रांगा बघून आत दोन मजले असतील असं वाटतं. तसं नाही. आत एकच सभागृह आहे आणि त्याला आतून फिरवलेली गॅलरी, बिडाच्या खांबांवर. वरची रांग गॅलरीत बसलेल्यांना उजेड देते, खालची रांग गॅलरीखाली बसलेल्यांना. हे एकदा लक्षात आलं की बाजूची भिंत बाहेरून वाचता येते: दोन रांगांच्या मधला जो कोरा पट्टा आहे, साधारण त्या उंचीवर आत गॅलरीची जमीन.

गॅलरी का, तर प्रवचन. या मंडळींच्या उपासनेत प्रवचनकाराचा आवाज सगळ्यात महत्त्वाचा. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीला स्वतःला अष्टकोनी इमारती आवडायच्या, कारण आवाज सगळीकडे सारखा पोचतो. यॉर्कशरमधल्या हेप्टनस्टॉलचं १७६४ चं अष्टकोनी चॅपल आजही वापरात आहे. पण अष्टकोनाचं छप्पर किचकट, जागाही वाया जाते, आणि हजार-दोन हजार माणसं आली की ते झेपत नाही. मग चौकोनी हॉल आणि भोवती गॅलरी हा तोडगा निघाला. लांबट हॉलमध्ये शेवटच्या बाकावरचा माणूस वक्त्यापासून फार दूर जातो. गॅलरीनं त्याला वर उचलला आणि जवळ आणला. आपल्या मासुंदा तळ्याजवळच्या कॅथलिक चर्चमध्ये गेलात तर नजर आपोआप वेदीकडे जाते. इथे ती व्यासपीठाकडे जाते, जमिनीवरूनही आणि गॅलरीतूनही.

एक गोष्ट मला मात्र फार आवडते. १८५० मध्ये फ्रेडरिक जॉब्सन या वेस्लियन (वेस्लीच्या मूळ संघटनेतल्या) पाद्र्यानं चॅपलच्या वास्तुकलेवर पुस्तक लिहून आग्रह धरला की मेथडिस्टांनी गॉथिक शैलीत बांधावं, टोकदार कमानी वगैरे. पुष्कळांनी ऐकलं. हॅन्लीवाल्यांनी नऊ वर्षांनंतरसुद्धा खांब आणि पेडिमेंटच लावलं. माझं मत विचाराल तर ते शोभूनही दिसतं. टोकदार कमान लावली असती तर लांबून गावच्या सरकारी चर्चसारखंच दिसलं असतं, आणि त्यांना तेच नको असणार.

कुणी_का_बोलेना

ठाण्यातले वाडे डोळ्यांदेखत गेले, त्यांच्या विटा कुणी मोजल्या नाहीत. आणि इथे इंग्रजांच्या प्रार्थनाघराचे बाँड चाललेत. चालू द्या.

ओळंबा_नौपाडा

वाड्यांवर वेगळा धागा काढा, मी टेप घेऊन येतो. माझ्याकडे जुन्या नौपाड्यातल्या काही घरांची हातानं काढलेली मापं अजून आहेत. इथे तेवढं हॅन्ली होऊ द्या.

नेरुळच्या ताई, गॅलरीचा उलगडा फार छान. तो कोरा पट्टा मी फोटोवर लाल पेन्सिलीनं भरून टाकला.

चरईतला_मास्तर

चॅपल का आणि बंद का, या दोन प्रश्नांना मी हात घालतो. मी मराठी ख्रिस्ती, पेशानं शिक्षक होतो, आता निवृत्त. पंथांची भांडणं आमच्याकडे घरात जेवताना ऐकायला मिळत.

आधी चॅपल. इंग्लंडात राज्याचं अधिकृत चर्च एकच, चर्च ऑफ इंग्लंड. गावातलं मोठं दगडी चर्च त्यांचं. त्यापासून वेगळे झालेल्यांच्या जागेला लोक चॅपल म्हणत. हा फरक नुसता बोलण्यातला नव्हता. १७५४ पासून कायद्यानं लग्न गावच्या अधिकृत चर्चमध्येच लावावं लागे, क्वेकर (आणखी एक वेगळा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून. मेथडिस्ट जोडप्याला प्रार्थना आपल्या चॅपलमध्ये करता येई, पण लग्नाला दुसऱ्यांच्या दारात जावं लागे. ही अडचण १८३६ च्या कायद्यानं गेली, अंमल १८३७ पासून. म्हणजे तुमचं १८१९ चं चॅपल उभं राहिलं तेव्हा दोन हजार माणसं आत बसू शकत होती, पण त्यांतल्या एकाचंही लग्न तिथे लागू शकत नव्हतं.

आता पैसे आणि आकार. याचं उत्तर भांडणात आहे. जॉन वेस्ली १७९१ मध्ये वारला, अखेरपर्यंत चर्च ऑफ इंग्लंडचाच पाद्री होता. तो गेल्यावर प्रश्न आला: आता चालवायचं कुणी? कारभार प्रवचनकारांच्या परिषदेच्या हातात. अलेक्झांडर किलहॅम नावाचा एक तरुण प्रवचनकार म्हणाला, वर्गणी देणाऱ्या सामान्य सभासदांनाही परिषदेत जागा हवी. १७९६ मध्ये त्याला काढून टाकलं. १७९७ मध्ये लीड्सला त्याच्या बाजूच्या लोकांनी मेथडिस्ट न्यू कनेक्शन काढलं, त्यांच्या परिषदेत प्रवचनकार आणि सामान्य सभासद समसमान. वेस्लीनंतरची ही पहिली मोठी फूट.

हॅन्लीत किलहॅमची बाजू घेणारे लोक कोण होते? भांड्यांचे कारखानदार. जॉब रिजवे हे त्यातलं मोठं नाव. हाताशी पैसा, माणसं सांभाळायची सवय, आणि कुणी हुकूम केलेला न खपणारा स्वभाव. म्हणून फुटीनंतर वर्षभरात १७९८ चं चॅपल उभं राहिलं, आणि वीस-एक वर्षांत ते लहान पडलं. गावात जुन्या वेस्लियन मंडळींचंही बस्तान होतं. त्यांच्यापेक्षा आपण कमी नाही हे दाखवायची हौस नसेलच असं मी म्हणणार नाही. चर्चच्या लोकांनाही हौस असते.

या मुलखाची आणखी एक गंमत. वेस्ली १७६० मध्ये शेजारच्या बर्स्लमला आला, तेव्हा प्रवचन चालू असताना कुणीतरी मातीचं ढेकूळ फेकून मारलं, ते त्याच्या डोक्याला लागलं. पुढे १७८१ च्या सुमारास त्याच बर्स्लमच्या इनॉक वूड या कुंभारानं त्याचा अर्धपुतळा घडवला, आणि त्याच्या भाजलेल्या प्रती पुष्कळ निघाल्या. पुढची मोठी फूटही इथलीच. उत्तरेला माउ कॉप नावाची टेकडी आहे. ३१ मे १८०७ ला तिथे ह्यू बोर्न आणि विल्यम क्लाउज यांच्या मंडळींनी दिवसभर उघड्यावर सभा घेतली. बोर्न सुतार, क्लाउज कुंभार. मूळ संघटनेला असल्या सभा पसंत नव्हत्या. त्यातून प्रिमिटिव्ह मेथडिस्ट निघाले, शेतमजूर आणि खाणकामगारांत फार पसरले. म्हणजे मालक एका चॅपलमध्ये आणि मजूर दुसऱ्यात असं पुष्कळ ठिकाणी दिसायचं. सरसकट नाही.

आता बंद का. फुटले तसे ते पुन्हा जुळलेही. न्यू कनेक्शन १९०७ मध्ये आणखी दोन पंथांबरोबर एक होऊन युनायटेड मेथडिस्ट झालं, आणि १९३२ मध्ये वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि हे युनायटेड असे तिन्ही मिळून एक मेथडिस्ट चर्च झालं. एकी झाली, पण इमारतींचं काय? प्रत्येक गावात आता एकाच चर्चची दोन-दोन, तीन-तीन चॅपलं, सगळ्यांची छपरं जुनी. त्यात येणारे कमी होत गेले. बेथेस्डा १९८५ मध्ये बंद झालं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं बसवून तो गरम ठेवायचा खर्च किती येत असेल याचा विचार करा.

आपल्याकडची गोष्ट जाता जाता. ब्रिटिश मेथडिस्टांची इथली शाखा १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. अमेरिकन मेथडिस्टांची शाखा गेली नाही, ती १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया. आमच्या घरात काका एकीकडे आणि आत्या दुसरीकडे होती. नाताळला एकत्र यायचे.

फेरफार_खारघर

मास्तर, झकास. मी भूमी अभिलेखात होतो, आता खारघरला नातवंडं सांभाळतो. काकांना कागद कुठे बघायचे ते सांगतो, घरबसल्या होईल.

पहिली गोष्ट, तिथे आपल्यासारखा सिटी सर्व्हेचा उतारा शोधू नका. त्यांचं लँड रजिस्ट्री १८६२ चं आहे खरं, पण सगळ्या इंग्लंड-वेल्सभर विक्रीची नोंदणी सक्तीची झाली ती थेट १९९० मध्ये. पिढ्यान्‌पिढ्या न विकल्या गेलेल्या जागेचा इतिहास तिथे सापडत नाही. चॅपल तर विश्वस्तांच्या नावे असायचं. वेस्लीनं १७६३ मध्येच विश्वस्तपत्राचा एक नमुना ठरवून दिला होता, म्हणजे जागा स्थानिक विश्वस्तांची पण व्यासपीठावर कोण उभा राहील हे परिषद ठरवणार. आपल्या धर्मादाय आयुक्तांकडे येणारी निम्मी भांडणं याच वळणाची असतात. फूट पडली की किल्ली कुणाकडे, हा पहिला सवाल.

नकाशे बघा. ऑर्डनन्स सर्व्हेचे (त्यांचं सरकारी नकाशा खातं) जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं फुकट ठेवलेत, इंग्लंडचेसुद्धा. एकोणिसाव्या शतकात गावांचे फार मोठ्या मापाचे नकाशे काढले, १ ला ५०० पर्यंत. त्यांत सार्वजनिक इमारतींची आतली मांडणी दाखवलेली असते, आणि चॅपलच्या नावाखाली किती जणांच्या बसण्याची सोय ते कित्येकदा छापलेलं असतं. आमच्या खात्यात असा नकाशा कुणी काढला असता तर साहेबानं विचारलं असतं, खुर्च्या मोजायला कुणी सांगितलं?

दुसरं, ३० मार्च १८५१ च्या रविवारी इंग्लंड-वेल्समध्ये धार्मिक जनगणना झाली. प्रत्येक प्रार्थनास्थळाकडून फॉर्म भरून घेतला: इमारत कधीची, फुकट जागा किती, भाड्याच्या किती, त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ किती माणसं आली. भाड्याच्या जागा हे नीट समजून घ्या, कारण पैशाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. कुटुंबं बाकाचं भाडं भरत, त्यावर चॅपलचं कर्ज फिटे. गॅलरी वाढवली की भाडं वाढलं. ताईंनी आवाजाचं कारण दिलं ते खरंच आहे, पण हिशेबनीसाचंही एक कारण असणार.

तिसरं, लंडन गॅझेट, म्हणजे त्यांचं सरकारी राजपत्र. लग्नासाठी इमारत नोंदली की त्यात सूचना येते, नोंद रद्द झाली तरी येते. ऑनलाइन शोधता येतं. चौथं, हिस्टॉरिक इंग्लंडची वारसा यादी. बेथेस्डा त्यात दुसऱ्या श्रेणीच्या वरच्या पायरीवर आहे, दुसरी-तारांकित म्हणतात ती. विश्वस्तांची जुनी वह्या-पुस्तकं बहुधा जिल्ह्याच्या अभिलेखागारात जातात, ती मात्र तिथे जाऊनच बघावी लागतात.

ओळंबा_नौपाडा

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. नकाशाच्या त्या साइटवर मी काल रात्री जागरण केलं. रेघेची जाडी बघून जीव गार झाला, काय हात होता त्या लोकांचा.

एक शंका उरते. १८१९ ची वीट चांगली होती, लोकांनी बघावी म्हणूनच केलेली होती, असं ताई म्हणतात. मग चाळीस वर्षांनी तिच्यासमोर गिलाव्याचा पडदा कशाला? भिंत खराब झाली होती का? की नुसती फॅशन? आणि पुढचा भाग जुन्या भिंतीला कसा जोडला असेल, हे फोटोवरून कळेल का?

वीटकाम_नेरुळ

काका, फॅशन होतीच, पण तारखा शेजारी ठेवून बघा. हॅन्लीला नगरपालिका १८५७ मध्ये मिळाली. पहिला महापौर जॉन रिजवे, म्हणजे मास्तरांनी सांगितलेल्या जॉब रिजवेंचा मुलगा, स्वतः भांड्यांचा मोठा कारखानदार आणि न्यू कनेक्शनमधला वजनदार माणूस. दोन वर्षांत चॅपलला टाउन हॉलच्या थाटाचं तोंड आलं. याचा त्याच्याशी संबंध होता असा कागद मी दाखवू शकत नाही, माझा तर्क आहे. पण १८१९ मध्ये जे लोक संघटनेतून बाहेर पडलेले होते, तेच १८५९ मध्ये गाव चालवत होते. त्यांना पुढच्या बाजूला खांब हवेसे वाटले तर नवल नाही.

जोड कसा बघायचा: भाचीला कोपऱ्याचा फोटो सरळ उभा, जवळून काढायला सांगा. जुन्या भिंतीत दाते काढून नवी वीट गुंतवली असेल तर थर एकमेकांत शिरलेले दिसतील. नुसतं टेकवलं असेल तर खालपासून वरपर्यंत एक उभी रेघ दिसेल, आणि जुन्या इमारतीत ती बहुतेक वेळा थोडी उघडलेली असते. पावसाळी पाइप त्याच कोपऱ्यात उतरवलेला असला तर त्याच्या मागे बघायला सांगा. जोड लपवायची ती आवडती जागा.

इमारत का टिकली तेही सांगते. १९८५ नंतर बरीच वर्षं ती नुसती खचत होती. २००२ मध्ये हिस्टॉरिक चॅपल्स ट्रस्टनं ताब्यात घेतली. २००३ मध्ये बीबीसीच्या रिस्टोरेशन कार्यक्रमात होती, पडायला आलेल्या इमारतींपैकी कुठली वाचवायची ते प्रेक्षक मतानं ठरवत. पहिलं बक्षीस मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया बाथ्सला गेलं. पण नाव झालं आणि दुरुस्तीचं काम टप्प्याटप्प्यानं सुरू झालं.

आणि एक सल्ला. मेच्या ऐवजी सप्टेंबरात जा. तेव्हा हेरिटेज ओपन डेज असतात, एरवी कुलूप असलेल्या पुष्कळ इमारती लोकांना आतून बघायला मिळतात. त्या वर्षीच्या यादीत बेथेस्डा आहे का ते आधी बघून मगच तिकीट काढा.

चरईतला_मास्तर

आणि बर्स्लमला चक्कर मारा. तिथे हिल टॉप नावाचं असंच मोठं मेथडिस्ट चॅपल होतं, १८३० च्या दशकातलं, तेही संडे स्कूल कुणाच्या ताब्यात यावरच्या भांडणातून निघालेलं. आता पुढची खांबांची देवडी तेवढी उभी आहे, मागे इमारतच नाही. जोड कसा केला होता हे बघायला तुम्हाला ते जास्त सोयीचं.

ओळंबा_नौपाडा

तिकीट मेचंच काढून बसलोय, आणि ते स्वस्तातलं, परत न होणारं. बाहेरून बघीन. बर्स्लमची देवडी यादीत घातली, तिची मागची बाजू मोजायला तरी कुणाची परवानगी लागू नये. टेप पाच मीटरची नेऊ की तीस?

वीटकाम_नेरुळ

पाचची न्या. तीसची घेऊन फुटपाथवर उभे राहिलात तर दुसरं टोक धरायला भाचीला रजा टाकावी लागेल.